तळमजल्याची किल्ली

१

मास्तरीणबाई नव्या घरात राहायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेल्या सापडल्या. समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर त्यांनी कित्येक वर्षं अंथरुणात काढली होती. तळमजल्याचं घर मिळावं म्हणून सोसायटीकडे डोळे लावून बसल्या होत्या, आणि मिळालं तेव्हा ते एका रात्रीपुरतं मिळालं. दैव देतं आणि कर्म नेतं, असं जो तो अंगणात उभा राहून म्हणत होता, आणि म्हणता म्हणता खिडकीतून आत डोकावूनही घेत होता.

मास्तरीणबाईंची सूनबाई बोलवायला आली तेव्हा सिस्टर चहा गाळत होत्या. दवाखान्यातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी त्यांचं नाव सिस्टरच राहिलं होतं. सोसायटीत कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी सिस्टर, आणि कुणी गेलं की शेवटची अंघोळ घालायलाही सिस्टर. शिवाय आजारपणामुळे घर बदलून मागणाऱ्यांना घरी जाऊन बघायचं काम सोसायटीने त्यांच्याच गळ्यात बांधलं होतं. माणसाला खरंच जिना चढता येत नाही की नुसतं नाटक आहे, हे त्या बघून सांगत. त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे, आणि त्यामुळेच त्यांना शिव्याही भरपूर मिळत.

मास्तरीणबाई खाटेवर उताण्या होत्या. मुलगा उंबऱ्यात बसला होता. फरशा घासायच्या कारखान्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती आणि तिथली धूळ त्याच्या छातीत कायमची राहायला आली होती.

"पहाटे गेली," तो म्हणाला आणि दम घ्यायला थांबला. "रात्री दूध प्यायली. नीट झोपली होती."

सिस्टरनी कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. मग त्यांनी मास्तरीणबाईंचा हात उचलला, तो सहज उचलला गेला. त्यांनी तो खाली ठेवला आणि पुन्हा उचलून पाहिला. जबडा पाहिला, गुडघा पाहिला. सगळं मऊ होतं. अंघोळीसाठी देह वळवला तर उजवी बाजू खांद्यापासून मांडीपर्यंत जांभळी पडलेली दिसली.

सूनबाई बादलीत हात बुडवून उभी होती. पाणी कोमट झालंय का हे बघायला इतका वेळ लागत नाही.

"कुशीवर झोपायच्या का गं?" सिस्टरनी विचारलं.

"नाही. उताण्याच. त्यांना कूस बदलता कुठे यायची."

सिस्टरनी पुढे काही विचारलं नाही. मेलेल्या माणसादेखत जिवंतांची उलटतपासणी करू नये, एवढं पथ्य त्या पाळत. डॉक्टर मघाशीच दारातून नजर टाकून 'म्हातारपण' असं लिहून गेला होता, आणि दुपारी देह नेलाही.

लोक परत येऊन हातपाय धुतात न धुतात तोच त्याच समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ड्रायव्हरने गॅलरीतून साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की म्हातारी मेली नाही, तिला मारलंय.

२

सेक्रेटरीसाहेब सिस्टरच्या घरी आले ते चप्पल काढायच्या आधीच बोलू लागले. समोर एकच माणूस असला तरी ते सभेला उद्देशून बोलत.

"लेखी तक्रार दिलीय त्याने. म्हणतो, म्हातारीच्या नावावर घर मिळवलं आणि काम झाल्यावर तिला उशीखाली दाबलं. आता हे आपण पोलिसांत न्यायचं की नाही, ते तुमच्या बघण्यावर. तुम्ही अंघोळ घातलीत."

"खून ठरला तर घराचं काय?"

"घर जातं. पुढच्या नंबराला मिळतं. पुढचा नंबर ड्रायव्हरचा."

सोसायटीचे नियम सिस्टरना पाठ होते, तरी सेक्रेटरींनी ते पहिल्यापासून सांगितले. तळमजल्याचं घर रिकामं झालं की ते आधी अशा मेंबराला, ज्याला जिना चढता-उतरता येत नाही. असे बरेच असले तर ज्याचा अर्ज जुना तो पुढे. एका घराचा एकच अर्ज. आणि प्राधान्य असतं ते माणसाच्या नावाने, घराच्या नावाने नाही. म्हणून किल्ली द्यायची ती त्या माणसाच्याच हातात. किल्ली घेतल्यानंतर माणूस गेला तर घरच्यांनी खुशाल तिथे राहावं. आधी गेला तर त्याचं प्राधान्य त्याच्याबरोबर गेलं, आणि घरच्यांनी नवा अर्ज करून रांगेच्या शेपटाला उभं राहायचं.

"किल्ली तुम्ही दिलीत?"

"मी आणि अध्यक्षांनी मिळून. आदल्या आठवड्यातच द्यायची होती, पण अध्यक्ष बाहेरगावी होते. त्यांना फोटो हवा होता. म्हणून थांबलो." सेक्रेटरींनी मोबाइल पुढे केला. फोटोत अध्यक्ष फार छान आले होते. खुर्चीत शाल, मफलर आणि कानटोपी होती, आणि शालीतून बाहेर आलेल्या हातात किल्ली होती.

"तोंड बघितलंत का मास्तरीणबाईंचं?"

"वारं लागेल म्हणून झाकलं होतं, असं सूनबाई म्हणाली. आणि आम्ही काय त्यांना रोज बघत होतो थोडेच? त्या खाली उतरून किती वर्षं झाली." सेक्रेटरी उठले. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही सिस्टर, पण काळ सोकावतो."

"थोडं दुःख असतं तरी चाललं असतं," सिस्टर म्हणाल्या.

सेक्रेटरी गेले. सिस्टरनी दार लावून घेतलं. गार आणि मऊ. दवाखान्यात हयात गेली होती त्यांची, आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्याचा अर्थ काय होतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो अर्थ या फोटोत कुठेच बसत नव्हता.

३

ड्रायव्हरला ट्रकच्या अपघातात एक पाय मांडीपासून गमवावा लागला होता. दुसऱ्या मजल्यावरून खाली जायचं तर तो पायरीवर बसायचा, कुबडी पुढे सरकवायचा आणि दोन्ही हातांवर भार देऊन एकेक पायरी घसरत उतरायचा. त्याचे तळवे सुकलेल्या चामड्यासारखे झाले होते. पेट्रोलपंपावर पैसे घ्यायच्या खिडकीत बसायचं काम त्याला एकदा मिळालं होतं. रोज उशीर होतो म्हणून ते गेलं. तेव्हापासून बायको काम करायची आणि हा गॅलरीत बसून अंगण बघायचा.

"मी खोटं बोलत असेन तर हा पायपण जाऊ दे," तो सिस्टरना म्हणाला. "गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय. किती वर्षं हगणंमुतणं काढलं तिने सासूचं. किल्ली हातात आल्यावर कशाला ठेवील म्हातारीला?"

"तू पाहिलंस का काही?"

"मारताना कोण कुणाला दाखवतं? पण मी दिवसभर इथेच होतो. जाणार कुठे? सगळं सामान माझ्या डोळ्यांदेखत गेलं. आधी भांडी, मग कपाट, मग गाद्यांची पेटी. मग म्हातारीची खुर्ची. मग ते फोटो काढणारे गेले. हमाल गेले. अंधार पडायच्या सुमाराला टेलरबाई रिकामं पातेलं घेऊन बाहेर आली, आपल्या जिन्याला लागली. नंतर कुणी गेलं नाही, कुणी आलं नाही. म्हणजे रात्री आत कोण होतं? तो, त्याची बायको आणि म्हातारी."

टेलरबाई म्हणजे चौथ्या मजल्यावर मास्तरीणबाईंच्या दाराला दार लागून राहणारी बाई. शिवणकाम करून एकटी राहायची.

"टेलरबाई आत कधी गेली होती?"

ड्रायव्हर बोलायला तोंड उघडून थांबला. त्याने मान खाजवली. "ते नाही दिसलं. गेली असेल की. बाहेर आली म्हणजे आत गेली असणारच ना."

"तू मध्ये उठला होतास?"

"उठायला मला दोन माणसं लागतात, सिस्टर. जागचा हललो नाही मी." मग त्याचा आवाज खाली आला. "तुम्हाला वाटतं, मी घरासाठी आग लावतोय. घर मला पाहिजेच आहे. ते मी लपवत नाही. तिथे चाकाची खुर्ची दारातून थेट रस्त्यावर जाते. पुन्हा काम मिळेल मला. पण कुणाला उगाच फासावर लटकवायची माझी इच्छा नाही."

सिस्टरना त्याचं म्हणणं खरं वाटलं, आणि त्याचाच त्यांना त्रास झाला. तो लबाड निघाला असता तर फार बरं झालं असतं.

तिथून त्या चौथ्या मजल्यावर गेल्या. टेलरबाई मशीनवर होत्या. शिडशिडीत बाई, मास्तरीणबाईंच्याच अंगलोटाची, गुडघ्यांना पट्टे बांधलेले.

"काल तुम्ही खाली गेला होतात?"

"गेले होते. संध्याकाळी दूध घेऊन. नवीन घरात चूल कधी पेटायची म्हटलं." त्यांनी मशीन थांबवलं नाही. "बाई झोपल्या होत्या. मी लगेच परत आले."

"अंगणातूनच गेलात ना?"

"दुसरा रस्ता आहे का?"

नव्हता. सिस्टर जिना उतरू लागल्या आणि तिसऱ्या मजल्याच्या खालच्या वळणावर त्यांचं कोपर धाडकन पाइपावर आपटलं. मुंग्या पार करंगळीपर्यंत गेल्या. दर खेपेला हेच व्हायचं.

४

हमालांचा मुकादम कोपऱ्यावरच्या हॉटेलात सापडला. माणूस गप्पिष्ट होता, आणि मेलेल्या बाईला आपण आदल्याच दिवशी उचललं याची त्याला थोडी भीतीही वाटत होती.

"हलकी होती हो म्हातारी. खुर्ची चौघांची, पण दोघांनी नेली असती. जड होती ती गाद्यांची पेटी. आणि ती आडवीच न्या, उभी करू नका, म्हणून सून मागे लागली. वळणावर पेटी आडवी कशी न्यायची? घाम निघाला आमचा."

"मुलगा कुठे होता?"

"तेच सांगतो. त्याला धड उभं राहता येत नाही. बाकी सगळ्या सामानाच्या वेळी बिचारा कठड्याला धरून बसला. पेटी उचलली तसा उठला आणि एक कोपरा त्याने धरला. नको म्हटलं तरी सोडेना. दर मजल्यावर थांबायचा, खोकायचा, तोंड काळंनिळं पडायचं. गाद्यांसाठी कुणी एवढं करतं का?"

सिस्टरनी त्याच्यापुढे चहा सरकवला. "आणि खुर्ची नेताना मास्तरीणबाई काही बोलल्या? घाबरल्या?"

"चकार शब्द नाही. पण शहाणी बाई. ते वळण आहे ना, पाइपाचं? तिथला दिवा कायम गेलेला. मी ओरडणार होतो, आजी, हात आत घ्या म्हणून. त्याच्या आधीच तिने कोपर आत घेतलं. आम्हीच आपटलो तिथे, ती नाही." मुकादमाने कपाळावरचं टेंगूळ दाखवलं. "बघा की."

सिस्टरनी टेंगूळ पाहिलं. त्यांच्या हातातला कप मात्र बशीवर जरा जोरातच ठेवला गेला. तो पाइप बसवला, तेव्हा मास्तरीणबाई केव्हाच्या अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या वळणावरून त्या पुन्हा कधी उतरल्याच नव्हत्या.

५

"टेलरबाईंनाही बोलव," सिस्टर सूनबाईला म्हणाल्या. "जे बोलायचं ते चौघांतच बोलू."

तळमजल्याच्या त्या घरात सामान अजून बांधलेलंच होतं. मुलगा खाटेच्या कडेवर बसला. टेलरबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. गाद्यांची पेटी भिंतीशी होती, आणि तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

"मी विचारणार नाही, सांगणार आहे," सिस्टर म्हणाल्या. "चुकले तर सांगा. माणूस नुकता गेला असेल तर देह मऊ असतो, पण गरम असतो. जाऊन काही तास झाले तर गार असतो, पण ताठ असतो. काल बाई गार होत्या आणि मऊ होत्या. ताठरपणा येऊन गेलेला होता. त्याला रात्र पुरत नाही. त्या काल पहाटे गेल्या नाहीत. आदल्या दिवशी संध्याकाळी अध्यक्षांबरोबर फोटो निघाला, तेव्हाही त्या जिवंत नव्हत्या. त्याच्याही आदल्या रात्री, वरच्याच घरात गेल्या."

सूनबाईने खिडकी ओढून घेतली.

"रक्त खाली साचतं. माणूस ज्या बाजूवर पडून राहतो, ती बाजू जांभळी होते. त्यांना कूस बदलता येत नव्हती, हे तूच सांगितलंस, सूनबाई. तरी उजवी बाजू जांभळी. कुणीतरी त्यांना उजव्या कुशीवर, पाय दुमडून, बराच वेळ ठेवलं होतं. एखाद्या पेटीत मावतील असं."

मुलाने तोंडावर दोन्ही हात घेतले. त्याची छाती फाटक्या भात्यासारखी वाजत होती.

"मग खुर्चीत कोण होतं? अंधाऱ्या वळणावर कुणी न सांगता जिने कोपर आत घेतलं, ती. म्हणजे तो जिना रोज चढणारी, तीही वरच्या मजल्यांवर राहणारी. सूनबाई खुर्चीच्या पुढे चालत होती, ते सगळ्यांनी पाहिलं. आणि दिवसभर गॅलरीत बसलेल्या माणसाला जी घरातून बाहेर येताना दिसली पण आत जाताना दिसली नाही, ती." सिस्टर टेलरबाईंकडे वळल्या. "तुम्ही आत गेलात, टेलरबाई. सगळ्या अंगणादेखत गेलात. चौघांच्या खांद्यावरून."

टेलरबाईंनी मान खाली घातली नाही. "मी बसले," त्या म्हणाल्या. "त्यांनीच सांगून ठेवलं होतं. तारीख पुढे ढकलली त्या दिवशी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, माझा काही भरवसा नाही. मी गेले तर रडत बसू नका, तू माझ्या खुर्चीत बस. मी नसले तरी माझी हजेरी लागली पाहिजे. जन्मभर पोरांना हजर राहायला शिकवलं बाईंनी, आणि शेवटी माझ्याकडूनच खोटी हजेरी लावून घेतली."

"आम्ही मारलं नाही हो तिला," मुलगा म्हणाला. "संध्याकाळी पेज भरवत होती ही. घास तोंडातच राहिला."

"ते मला ठाऊक आहे."

"पेटीत मी ठेवली. माझ्या हातांनी." त्याला पुढे बोलवेना. सूनबाईनेच बोलणं पुढे नेलं, कोरड्या आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरची गोष्ट.

"अर्ज सासूबाईंच्या नावावर टाकला, कारण तेव्हा ह्यांची छाती ठीक होती. नंतर बिघडली. आता ह्यांना दोन मजले चढले की ओठ निळे पडतात. पण एका घराचा एकच अर्ज. ह्यांचा टाकायचा तर त्यांचा मागे घ्यायला लागला असता, आणि इतक्या वर्षांचा नंबर गेला असता. म्हणून थांबलो. आज देतील, उद्या देतील. नवा अर्ज केला तर घर कधी मिळणार सिस्टर? तुम्ही ह्यांची छाती ऐकलीय. तेवढी वर्षं आहेत का त्यांच्याकडे?"

सिस्टरनी छाती ऐकली होती.

"मधल्या भिंतीतून रात्रभर त्याचा खोकला ऐकू येतो," टेलरबाई म्हणाल्या. "म्हणून बसले मी. दुसरं काही कारण नाही."

सूनबाई पुढे आली. "सिस्टर, तुम्हाला विचारलंय एवढंच ना, की आम्ही खून केला का. मग नाही म्हणून सांगा. ते खोटं नाही. त्यापुढे कुणी काही विचारलेलंच नाही."

आणि ते खरं होतं. सिस्टर उंबऱ्याशी आल्या आणि तिथेच थांबल्या. समोरच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ड्रायव्हर बसला होता आणि त्यांच्याकडेच बघत होता.

६

आयुष्यात पहिल्यांदाच सिस्टरना खोटं बोलायची इतकी इच्छा झाली. खोटंसुद्धा नाही, नुसतं गप्प बसायचं होतं. एकीकडे एक माणूस श्वासासाठी तडफडत होता. पण दुसरीकडचा माणूस हातांवर घसरत जिना उतरत होता, आणि त्याने कुणाला पेटीत घातलं नव्हतं, कुणाला खुर्चीत बसवलं नव्हतं. नियमाप्रमाणे घर त्याचं होतं. सिस्टर गप्प बसल्या असत्या तर त्यांनी ते घर त्याच्याकडून चोरून दुसऱ्याला दिल्यासारखं झालं असतं, आणि त्याला ते कधी कळलंही नसतं. त्यांना दोघांचाही राग आला, मेलेल्या मास्तरीणबाईंचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो आठवडाभर खोळंबलेल्या त्या फोटोचा.

कमिटीपुढे त्यांनी सगळं सांगितलं. खून झाला नाही, हे आधी सांगितलं, आणि पोलिसांची गरज नाही, हे दोनदा सांगितलं. मग बाकीचं. अध्यक्षांनी एकदा मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला.

"मुलाचा अर्ज आजच घ्या," सिस्टर म्हणाल्या. "मी स्वतः लिहून देते त्याच्या छातीबद्दल. आणि आईच्या अर्जाची जुनी तारीख त्याला लावा. किल्ली ठरल्या दिवशी दिली असती तर हे घर त्यांचंच होतं. उशीर आपण केलाय, त्यांनी नाही."

"भावना समजते," सेक्रेटरी म्हणाले. "पण मागची तारीख लावता येत नाही. आज एकाला लावली की उद्या दहाजण येतील. अर्ज आजच्या तारखेने घेऊ."

आजच्या तारखेने म्हणजे रांगेच्या शेवटी. टेलरबाईंचं नाव त्यांच्या गुडघ्यांसाठी याच रांगेत मध्यावर होतं. फसवणूक केली म्हणून ते कायमचं काढलं. त्यावर टेलरबाई एवढंच म्हणाल्या, की बरं झालं, एक नंबर तरी कमी झाला.

घर आठवड्यात रिकामं करायचं ठरलं. त्या दिवशी हमालांनी तेच सामान त्याच जिन्याने परत वर न्यायला घेतलं, आणि त्याच सकाळी ड्रायव्हर किल्ली घ्यायला खाली निघाला. किल्ली माणसाच्याच हातात द्यायची आणि हमाल तर सगळे सामानाला लागलेले, म्हणून तो नेहमीसारखा बसून उतरू लागला. सिस्टर खाली जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. मुलगा वर चढायला निघाला तेव्हा त्या त्याच्या मागे मागे गेल्या, हात न लावता.

पहिल्या मजल्याच्या वर, अरुंद जागेत, दोघं समोरासमोर आले. एक पायरीवर बसलेला, एक कठड्याला लटकलेला. दोघांनाही बाजूला होता येईना. मुलाने एक पाय वर टाकला, त्याला जमलं नाही, आणि तो ड्रायव्हरच्या खालच्याच पायरीवर बसला.

दोघांनाही धाप लागली होती. ड्रायव्हरचा श्वास आधी जागेवर आला.

"हे कधीपासून?" त्याने विचारलं.

"कारखान्यापासून."

"मग स्वतःच्या नावावर का नाही टाकलास अर्ज?"

"एका घराचा एकच. आईचा होता."

ड्रायव्हर त्याच्या पाठीकडे बघत राहिला. शर्टाखाली ती भराभर वरखाली होत होती. "मला वाटायचं, तू चांगला धडधाकट आहेस," तो म्हणाला. "वरून बघतो ना मी. तू हळू चालायचास. मला वाटायचं, आळशी आहेस."

मुलाने हात हलवला. बोलायला श्वास उरला नव्हता.

ड्रायव्हरने सिस्टरकडे पाहिलं. त्या काहीतरी म्हणतील, असं त्याला वाटलं असावं. एखादा नियम सांगतील, ज्यात दोघं बसतात. सिस्टरकडे असा नियम नव्हता. त्याने कुबडी उचलून मांडीवर घेतली, उरलेला पाय पोटाशी ओढला आणि भिंतीला इतका चिकटला की जिना अर्धा मोकळा झाला.

"आधी तू जा," तो म्हणाला. "मला खाली पोचायला वेळ लागत नाही."

मुलगा उठला. कठडा धरून त्याच्या अंगावरून वर गेला. सिस्टर त्याच्या मागे गेल्या. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला, तिसऱ्यावर बसला. त्याचे ओठ निळे झाले होते. त्याला पाणी पाजताना सिस्टरनी कठड्यावरून खाली पाहिलं. खाली जिन्याच्या तोंडाशी अध्यक्ष येऊन उभे होते, आणि सेक्रेटरी हातात किल्ली घेऊन घड्याळ बघत होते. ड्रायव्हर मात्र अजून त्याच पायरीवर, भिंतीला तसाच चिकटून बसला होता. वर मान करून तो खोकला ऐकत होता, आणि तो थांबेपर्यंत खाली सरकला नाही.